विमान मुंबईवर घिरट्या घालतंय? खिडकीतून आणि मोबाईलवरून एटीसी कसं ओळखायचं

मागच्या पावसाळ्यात नागपूरहून मुंबईला येत होतो, विमान खाली यायला लागलं, ढगात शिरलं, मग उजवीकडे वळलं, थोडं सरळ गेलं, परत उजवीकडे, परत थोडं सरळ, परत उजवीकडे. शेजारचे काका घड्याळ बघून म्हणाले, पायलट नवीन दिसतोय, रस्ता सापडत नाहीये बहुतेक. मी म्हटलं काका रस्ता सापडलाय, नंबर लागलेला नाही, आपण रांगेत आहोत. पुढची वीस मिनिटं त्यांना जे समजावून सांगितलं तेच इथे जरा सविस्तर टाकतोय, कारण एकदा हे कळलं की विमानात बसल्यावर कंटाळा येत नाही आणि उगाच धडधडही होत नाही.

लागणारं सामान फार नाही. खिडकीची सीट, मोबाईलवर फ्लाइटरडार२४ सारखं, उडणारी विमानं नकाशावर दाखवणारं एखादं ॲप (ते जमिनीवर असतानाच बघून घ्यायचं, वर गेल्यावर फोन एअरप्लेन मोडवर), आणि आपण ज्या एअरपोर्टला चाललोय तिथले रनवे कुठल्या दिशेला आहेत एवढी माहिती. बस.

आधी एक गैरसमज काढून टाका. एटीसी, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोल, म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तो उंच टॉवर येतो आणि वर काचेच्या खोलीत बसलेली दोनचार माणसं. मुंबईचा टॉवर साधारण ८४ मीटर उंच आहे, दिल्लीचा त्याहून मोठा, १०२ मीटरच्या आसपास, आणि एवढी उंची कशाला तर रनवे, टॅक्सीवे (म्हणजे रनवेकडे ये-जा करायचे रस्ते) सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे म्हणून. पण टॉवरवाल्याची हद्द लहान असते, रनवे आणि त्याच्या आजूबाजूचं थोडं आकाश, संपलं. तुम्हाला ढगात गोल गोल फिरवणारा माणूस टॉवरमध्ये नसतोच, तो खिडकी नसलेल्या खोलीत रडारच्या स्क्रीनसमोर बसलेला असतो, बाहेर पाऊस पडतोय की ऊन आहे हे त्याला स्क्रीनवरच कळतं. म्हणजे तुमचं विमान नागपूर ते मुंबई एका माणसाच्या ताब्यात नसतं, पालखी जशी खांदा बदलत जाते तसं ते एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतं, आणि प्रत्येक वेळी पायलट रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलतो. आपल्याला फक्त ओळखायचंय की आत्ता आपण कुणाच्या खांद्यावर आहोत.

घरूनच सुरुवात करा. रनवेचे नंबर म्हणजे होकायंत्रातली दिशा, शेवटचं शून्य उडवलेली. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. त्याच पट्टीचं दुसरं टोक ०९, पूर्वेकडे तोंड. मुंबईला दोन रनवे आहेत, ०९/२७ हा मुख्य, साडेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि १४/३२ हा दुसरा, पण गंमत अशी की हे दोन एकमेकांना छेदतात. त्यामुळे दोन रनवे असून एका वेळी एकच धड वापरता येतो, आणि मुंबईची सगळी दुखणी इथूनच सुरू होतात. तरी ह्या एका पट्टीवरून २०१८ मध्येच एका दिवसात हजाराच्या वर विमानं ये-जा करून गेलीत. गर्दीच्या वेळी तासाला ४५ च्या आसपास धरा, म्हणजे दर ८० सेकंदाला एक. दादरला लोकलसुद्धा एका प्लॅटफॉर्मवर एवढ्या पटापट लागत नाही.

विमानाला उतरताना आणि उडताना वारा समोरून यावा लागतो, म्हणून आज कुठलं टोक चालू आहे हे वारा ठरवतो. ॲप उघडा आणि मुंबईत उतरणारी विमानं कुठून येतायत ते बघा. ठाण्याची खाडी ओलांडून घाटकोपरवरून येत असतील तर २७ चालू आहे, पावसाळ्यात बहुतेक वेळा हेच. समुद्रावरून जुहू-पार्ल्यावरून येत असतील तर ०९. हे कळलं की कुठल्या बाजूची खिडकी घ्यायची तेही ठरवता येतं, २७ ला उतरताना उजवीकडे उत्तर असते, डावीकडे दक्षिण मुंबईची बाजू.

जुहूचा विषय निघालाच आहे तर, तिथे जुनी धावपट्टी आहे, आता हेलिकॉप्टरं वापरतात, ती सांताक्रूझच्या इतकी जवळ आणि दिशेने इतकी सारखी आहे की १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ चुकून तिथेच उतरलं आणि पट्टी संपल्यावर पुढे गेलं. त्याआधी १९५३ मध्ये एक कॉमेट जेटही असंच जुहूला उतरलं होतं. आता उतरताना आयएलएस म्हणजे रनवेपासून निघणारा रेडिओचा पट्टा विमानाला ओढून आणल्यासारखं सरळ नेतो आणि रडारवाल्याचंही लक्ष असतं, त्यामुळे काळजी नको.

आता एअरपोर्टवर. विमानाचं दार बंद झालंय, सगळे बसलेत, आणि विमान हलत नाहीये. पायलट म्हणतो एटीसीची परवानगी मिळाली नाही, आणि अर्धं विमान एटीसीला शिव्या घालायला लागतं. इथे नेमकं काय चाललेलं असतं? पहिला खांदा असतो डिलिव्हरीचा. एअरलाइनने फ्लाइट प्लॅन आधीच पाठवलेला असतो, डिलिव्हरीवाला पायलटला सांगतो ह्या मार्गाने जा, सुरुवातीला इतक्या उंचीपर्यंत चढ, आणि हा तुझा चार आकडी कोड. त्या कोडला स्क्वॉक म्हणतात, त्यात ० ते ७ एवढेच आकडे असतात, ८ आणि ९ कधीच नाही, आणि पायलटने तो ट्रान्सपॉन्डरमध्ये, म्हणजे विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या यंत्रात, टाकला की रडारवर नुसता ठिपका न दिसता विमानाचं नाव, उंची असं सगळं दिसतं. तीन कोड लक्षात ठेवा, ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७७०० म्हणजे इमर्जन्सी. ॲपवर एखादं विमान ७७०० दाखवायला लागलं की जगभरचे हौशी लोक त्याच्या मागे लागतात, पण बऱ्याचदा कुणीतरी प्रवासी आजारी पडलेला असतो.

आणि उशीर? तो बऱ्याच वेळा नागपूरचा नसतोच, मुंबईचा असतो. मुंबईत रांग लांबलेली दिसली की वरती इंधन जाळत गोल फिरवण्यापेक्षा विमानाला निघायच्याच ठिकाणी थांबवून ठेवायचं आणि अमुक मिनिटालाच उड म्हणून वेळ द्यायची, अशी पद्धत आहे, आणि देशभराचा हा हिशोब दिल्लीतून बघतात. त्यामुळे ओळखायची खूण अशी, दार बंद आहे पण पुशबॅक, म्हणजे ट्रॅक्टरने विमान मागे ढकलणं, नाही, बाहेर ट्रॅक्टर लावून तयार उभा आहे आणि पायलट नेमका आकडा सांगतोय, २५ मिनिटं वगैरे, तर ती मुंबईची ठरवून दिलेली वेळ आहे. नुसतं "थोड्याच वेळात" म्हणत असेल तर मग सामान, कागद, काहीही असू शकतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीला हे फ्लाइट प्लॅनचे संदेश इकडून तिकडे पोचवणारी यंत्रणाच बिघडली, कंट्रोलरना बरंच काम हाताने करावं लागलं आणि शेकडो विमानं लटकली. रडार चालू, रेडिओ चालू, फक्त कागद फिरवणारा कारकून आजारी, तरी सगळं ठप्प.

पुशबॅक झाला की तुम्ही ग्राउंडच्या ताब्यात. ह्याचं काम म्हणजे जमिनीवरचा ट्रॅफिक हवालदार. आता खिडकीतून पाट्या वाचायला शिका, ह्यात खरी मजा आहे. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे आपण आत्ता ह्या टॅक्सीवेवर आहोत. पिवळ्या पाटीवर काळं अक्षर आणि बाण म्हणजे इकडे वळलात तर तो टॅक्सीवे लागेल. आणि लाल पाटीवर पांढरे आकडे, म्हणजे १४-३२ असं काहीतरी, तिथे थांबायचंच, त्या रेषेपलीकडे रनवे आहे आणि परवानगीशिवाय पुढचं चाकसुद्धा टाकायचं नाही. विमान त्या लाल पाटीपाशी उभं राहिलं की समजायचं आता ग्राउंडने टॉवरकडे दिलंय.

टॉवर दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतो आणि हा फरक विमानात बसून जाणवतो. एक, रनवेवर येऊन उभे राहा आणि थांबा. दुसरी, टेक-ऑफची परवानगी. विमान रनवेवर वळून सरळ झालं आणि तिथेच थांबलं, इंजिन शांत, तर पहिली मिळालीये, दुसरी यायचीये. समोरचं मोठं विमान उडून त्याने मागे सोडलेली हवेची भोवरी विरायची वाट बघत असतील, किंवा पुढचं विमान अजून रनवेवरून हललेलं नसेल. न थांबता वळता वळताच इंजिनाचा आवाज वाढला तर दोन्ही परवानग्या एकदम.

टेक-ऑफ ह्या शब्दाबद्दल एक सांगितलंच पाहिजे. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो जेट एकाच रनवेवर आमनेसामने आली, ५८३ माणसं गेली. एका विमानाच्या कॅप्टनने परवानगी नसताना धाव सुरू केली होती, आणि त्याआधीच्या बोलण्यात टॉवरने मार्ग सांगताना टेक-ऑफ हा शब्द वापरला होता. तेव्हापासून नियम झाला, टेक-ऑफ हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा, एरवी डिपार्चर म्हणायचं. आणि पायलटने महत्त्वाची प्रत्येक सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, नुसतं "हो हो कळलं" चालत नाही. आपल्या घरात कुणी किराणा आणायला निघाला की यादी परत म्हणून दाखवायला लावतात ना, तसंच, फक्त इथे विसरलेली गोष्ट कोथिंबीर नसते.

मुंबईत ह्या टॉवरवाल्याची कसरत अजून कठीण, कारण एकाच पट्टीवर एक उतरवायचं, मध्ये एक उडवायचं, परत एक उतरवायचं. लाल पाटीपाशी उभे असाल तर स्वतःच मोजून बघा, एक उतरलं, मग तुमच्या पुढचं रनवेवर गेलं, उडालं, लगेच दुसरं उतरलं. गणित थोडं जरी बिघडलं तर काय होतं ते ८ जून २०२४ ला मुंबईत दिसलं, एक विमान २७ वरून उडत असताना, त्याची चाकं सुटायच्या बेतात असताना, मागून दुसरं त्याच पट्टीवर टेकलं. कुणाला काही झालं नाही, पण त्याचा व्हिडिओ बघून माझ्या आईने महिनाभर मला रेल्वेनेच जा म्हणून सांगितलं होतं.

वर गेल्यावर टॉवर तुम्हाला लगेच सोडून देतो, मग एअरपोर्टच्या आसपासचं आकाश रडारवर सांभाळणारे अप्रोचवाले, मग लांबच्या पल्ल्याचे एरिया कंट्रोलवाले. आपल्या देशाच्या आकाशाचे मुख्य चार तुकडे आहेत, दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई. मुंबईचा तुकडा अरबी समुद्रात खूप लांबपर्यंत जातो, तिथे रडार पोचत नाही, मग लांब पल्ल्याचा खरखरणारा रेडिओ आणि मेसेजसारखे लिहून पाठवायचे संदेश. ॲपवर समुद्रावरचं विमान कधीकधी गायब होतं किंवा अंदाजाने सरकत राहतं, त्याचंही कारण जवळपास हेच, ॲप म्हणजे रडार नाही, विमान स्वतः जे सिग्नल सोडतं ते जमिनीवरच्या रिसीव्हरने पकडायचे, त्यातले बरेचसे हौशी लोकांच्या गच्चीवर बसवलेले, आणि समुद्रात गच्ची कुठून आणणार.

ह्या टप्प्यात एक सोपा प्रयोग करून बघा. नागपूरहून मुंबई म्हणजे पश्चिमेकडे, तर तुमच्या विमानाची उंची हजार फुटांत बहुधा सम असेल, ३२, ३४, ३६. मुंबईहून नागपूरला जाणारं विमान विषम, ३३ किंवा ३५. पूर्वेकडे विषम, पश्चिमेकडे सम, म्हणजे समोरासमोर येणाऱ्यांमध्ये कमीत कमी १००० फूट अंतर आपोआप राहतं. एकाच उंचीवर असतील तर रडारखाली साधारण ५ नॉटिकल मैल, म्हणजे ९ किलोमीटरच्या वर, एअरपोर्टजवळ हे ३ नॉटिकल मैलांपर्यंत खाली येतं. खिडकीतून समोरून एखादं विमान सुर्रकन खालून गेलं की लोक ओरडतात "थोडक्यात वाचलो", तर वाचलो वगैरे काही नाही, ते १००० फूट खाली होतं आणि तसंच ठरलेलं होतं.

हे ठरलेलं मोडलं की काय होतं ते आपल्या देशाने १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर बघितलं. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४ हजार फुटांवर ठेवलं होतं, येणाऱ्या कझाक विमानाला १५ हजारांवर, आणि कझाक विमान आपली उंची सोडून खाली आलं. ३४९ माणसं. त्यानंतर टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा भारतात सक्तीची झाली. टीकॅस दोन्ही विमानांना आपसात बोलून सांगतं, तू वर जा, तू खाली जा, आणि अशा वेळी कंट्रोलर काहीही म्हणत असला तरी पायलटने मशीनचंच ऐकायचं असा नियम आहे. अर्थात अशी वेळ आली म्हणजे आधीच काहीतरी चुकलेलं असतं.

आता काकांच्या प्रश्नाकडे. विमान खाली यायला लागलं की पुन्हा अप्रोचवाले, आणि त्यांचं काम म्हणजे सगळ्या दिशांनी येणाऱ्या विमानांची एक ओळ करायची. त्यांच्याकडे हत्यारं तीन, आणि तिन्ही सीटवर बसून ओळखता येतात. पहिलं, वेग कमी करा. इंजिनाचा आवाज एकदम उतरतो, विमान तरंगल्यासारखं वाटतं, पंखाच्या वरच्या झडपा उभ्या राहतात, वळण नाही. दुसरं, इकडे वळा तिकडे वळा, म्हणजे सरळ रस्ता सोडून थोडा लांबचा, ॲपवर नंतर बघितलं तर सापासारखी रेघ दिसते, ह्यात कधी डावं वळण कधी उजवं. आणि तिसरं होल्डिंग, म्हणजे रेसच्या मैदानासारखी लांबट गोल चक्कर, प्रत्येक वळण एकाच बाजूला, बहुतेक वेळा उजवीकडेच, आणि एक चक्कर साधारण चार मिनिटांची. वळण एकाच बाजूचं येतंय आणि मध्ये मिनिटभर सरळ जातंय असं दिसलं की घड्याळ लावा. एकाच जागी एकावर एक विमानं फिरत असतात, १००० फुटांचं अंतर ठेवून, सर्वात खालचं बाहेर पडलं की वरचं एक पायरी खाली येतं, पिठाच्या गिरणीत डबे पुढे सरकतात ना तसं. म्हणून फिरता फिरता उंची टप्प्याटप्प्याने कमी होत असेल तर आनंदाची बातमी आहे, नंबर पुढे सरकतोय. आमच्या चार चकरा झाल्या, काकांनी मोजल्या.

गो-अराउंडला, म्हणजे उतरता उतरता परत वर जाण्याला, मात्र लोक खरंच घाबरतात. जमीन दिसतेय, घाटकोपरची निळी ताडपत्री दिसतेय, आणि एकदम इंजिन पूर्ण जोरात, नाक वर, चाकं आत. ह्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की पुढचं विमान रनवेवरून वेळेत बाहेर पडलं नाही किंवा वारा नीट नव्हता, आणि पायलटने किंवा टॉवरने ठरवलं की परत येऊ. अशा वेळी पायलट लगेच काही सांगत नाही, कारण त्याचे हात भरलेले असतात, पाच मिनिटांनी घोषणा येतेच. परत रांगेत लागायला पंधरावीस मिनिटं धरा.

रेडिओवरचं बोलणं ऐकावं असं वाटणारच, मलाही वाटतं. पण आपल्याकडे स्कॅनर घेऊन एटीसी ऐकत बसायच्या भानगडीत पडू नका, लायसन्सशिवाय ते चालत नाही. अमेरिकेतल्या एअरपोर्टचं बोलणं इंटरनेटवर खुलं मिळतं, न्यूयॉर्कचं लावून सराव करा, पहिले दोन दिवस काही कळणार नाही. नाइनला ते नाइनर म्हणतात, कारण खरखरीत फाइव्ह आणि नाइन सारखेच ऐकू येतात. आणि विमानं एअरलाइनच्या नावाने नाही तर कॉलसाइनने ओळखली जातात, ब्रिटिश एअरवेज म्हणजे स्पीडबर्ड, आपलं इंडिगो म्हणजे आयफ्लाय. ॲपवर मात्र इंडिगो आयजीओ असं दिसतं, तेव्हा गोंधळू नका.

पुणे आणि गोव्याच्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. मुंबई-नागपूरला कंट्रोलर एअरपोर्ट्स ॲथॉरिटीचे, पण पुण्याचं लोहगाव हे हवाई दलाचं, तिथे टॉवरमध्येही हवाई दलाचीच माणसं, आणि दाबोळीला नौदल. त्यामुळे रनवेपाशी विमान थांबलं आणि बाजूने लढाऊ विमानांची जोडी कानठळ्या बसवत गेली तर तो उशीर कुणाचा हे विचारायची गरज नाही, घरमालकाचा. मोपाला हा प्रकार नाही, ते नागरी एअरपोर्ट आहे.

घरात कुणी बीएस्सी फिजिक्स-मॅथ्स किंवा इंजिनिअरिंग केलेलं असेल आणि हे वाचून डोळे चमकले असतील तर एअरपोर्ट्स ॲथॉरिटीच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह एटीसी भरतीवर लक्ष ठेवा, वयाची अट कडक आहे म्हणून उशीर करू नका. ट्रेनिंग प्रयागराजला, हैदराबादला होतं आणि आपल्या गोंदियालाही संस्था आहे.

शेवटचं, कुणाला आणायला जाणार असाल तर. ॲपवर विमानाची उंची बघा. ३००० फुटांच्या आसपास आलं आणि रनवेच्या रेषेत सरळ असेल तर ते साधारण १८ किलोमीटरवर आहे, चारेक मिनिटांत टेकेल. पण टेकलं म्हणजे आलं असं नाही, परत टॉवर, ग्राउंड, आणि मुंबईत पार्किंगची जागा रिकामी नसेल तर टॅक्सीवेवर उभं. त्यात चेक-इन बॅग असेल तर टेकल्यापासून पाऊण तास तरी धरा. म्हणजे अंधेरीत राहत असाल तर विमान घाटकोपरवर दिसल्यावर चहा ठेवायचा, पिऊन निघायचं, तरी पार्किंगचे पैसे वाचतात.